सभेची वेळ

आमच्या सोसायटीच्या कपाटात इतिवृत्तांच्या सात वह्या आहेत. चिटणीसपद माझ्याकडे होते त्या वर्षांत मी त्या पहिल्या पानापासून वाचून काढल्या. गळती, पाण्याची टाकी, जिन्यातल्या सायकली हे तंटे येतात आणि मिटतात. कधीच मिटत नाही असा तंटा एकच: सभा केव्हा भरवायची?

गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे त्या उद्योगाचे प्रवर्तक. घरमालकाला विचारायचे ते आता आपण एकमेकांना विचारायचे, असा तो मोठाच पालट होता. पण एकमेकांना विचारायचे तर जमावे लागते, आणि नोकरदारांच्या या शहरात जमायला मोकळा दिवस रविवारच.

तो रविवार तरी कुठे आयता मिळाला होता? नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या सुटीत आपण सभा भरवतो ती सुटी एका सभेनेच मिळवून दिली, हे आमच्या सभासदांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? मलाही ते उशिराच कळले.

वह्यांतून शहराचे बदलते वेळापत्रक मोठे मौजेचे दिसते. आरंभीच्या सभा रविवारी संध्याकाळच्या. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन आले, घरोघर संच झाले, आणि रविवारच्या संध्याकाळच्या चित्रपटाने सभेला सकाळकडे हुसकले. सकाळ जेमतेम रुळते आहे तोच २५ जानेवारी १९८७ पासून साडेनऊला रामायण सुरू झाले! त्या साली एका सभासदाने सूचना मांडली आहे, की प्रभू रामचंद्र वनवासातून परत येईपर्यंत सभा अकराला घ्यावी. सूचना मंजूर झाली. हसू येते, पण अकराच्या सभेला स्वयंपाकघरातली माणसे येत नाहीत, हे त्यावेळी कोणाच्या मनातही आले नाही.

यावर कायद्याने एक तोडगा ठेवला आहे. ठरल्या वेळी गणसंख्या नसेल तर अर्धा तास थांबावे. नोटिशीत तसे लिहिले असेल तर तहकूब सभा त्याच दिवशी घ्यावी, आणि तिला गणसंख्येचे बंधन नाही. सोय चांगली. पण सोयीचीही सवय होते. दहाची नोटीस लागली की साडेदहाला यायचे, हे सर्वांना पाठ. मग सातआठजण चाळीस बिऱ्हाडांचा निकाल लावतात.

पुढे २०१३ च्या दुरुस्तीने वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबर झाली. कायदा करणाऱ्यांनी पंचांग पाहिले नसावे. २०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २८ ला, ईदही त्याच दिवशी, आणि लगेच पितृपक्ष. त्या महिन्याअखेर सभेची तारीख काढणाऱ्या चिटणीसाची मला मनापासून कीव आली.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. माझ्या कारकीर्दीत तळमजल्यावर एक परिचारिका राहत असत. रविवारी त्यांची पाळी असे. सभा शनिवारी रात्री घ्यावी, अशी त्यांची तीन पत्रे फायलीत आहेत. तिन्हींना उत्तर माझेच: चौदा दिवस आधी रीतसर नोटीस दिलेली आहे, वेळ बदलता येत नाही. उत्तर नियमाला धरून होते, याचा त्यावेळी मला अभिमानही वाटत असे.

तिसऱ्या वर्षी पुढच्या अंगणात मोटारींसाठी जागा आखायचे ठरले. तहकूब सभेला नऊजण होतो. त्यांपैकी सहा मोटारवाले. बाई रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन झोपत, आणि आखलेल्या चौकटींपैकी दोन नेमक्या त्यांच्या खिडकीखाली आल्या. त्यांना हे कळले ते फलकावरच्या कागदावरून. त्या भांडायला आल्या नाहीत. दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "चिटणीससाहेब, मी असते तर काय बोलले असते, तेवढे तरी लिहून घ्याल का?"

लिहून घेतले नाही. सभेत जे बोलले गेले नाही ते इतिवृत्तात कसे घालायचे?

पुढच्या वर्षी मी सभा शनिवारी रात्री नऊला ठेवली. बाई आल्या, मोटारवाल्यांपैकी दोघेच आले. चौकटी पुसण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांतल्या एकाने विचारले, की इतक्या गैरसोयीच्या वेळी सभा घेण्याचे कारण काय? विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा रविवारी सकाळी झाली.

चौकटींचे पिवळे पट्टे त्यानंतर दोनदा रंगवून झाले आहेत. बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. वहीत त्या ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे.