नाव ठेवणे आणि नाव राखणे : टोल्कीन यांची मध्य-पृथ्वी

कल्पित जगातील नावे ही बहुधा सजावट मानली जातात. जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या बाबतीत हा समज टिकत नाही, असे आम्हांला वाटते. ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन शिकवणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाच्या जगात आधी भाषा आल्या, मग त्या बोलणारे लोक आले.

आरंभ मात्र काहीसा बेशिस्त होता. 'द हॉबिट' (१९३७) मधील बहुतेक ड्वार्फांची नावे 'वोलुस्पा' या प्राचीन नॉर्स काव्यातील यादीतून सरळ उचललेली आहेत. गँडाल्फ हे नावही तिथलेच. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) लिहिताना ही उसनवारी अंगाशी आली, कारण ड्वार्फांची खुझ्दुल ही भाषा सेमिटिक धाटणीची; तिच्यात नॉर्स नावे कुठून येणार? टोल्कीन यांनी परिशिष्टात तोड काढली : ही नावे उत्तरेकडील माणसांच्या बोलीतली, बाहेर वापरण्यापुरती. ड्वार्फाचे खरे नाव परक्याला कधीच कळत नाही; ते थडग्यावरही कोरले जात नाही. मोरियातील बालिनच्या थडग्यावरचा लेख दोन भाषांत आहे, पण खुझ्दुलमधील ओळीतही 'बालिन' हेच बाहेरचे नाव आहे. वाचक तिथून सहज पुढे जातो. आणि खरे नाव मेलेल्याबरोबर गेलेले असते. चूक सावरायला शोधलेली युक्ती अशी एका घरदार गमावलेल्या जमातीचे शील होऊन बसते.

हॉबिटांची तऱ्हा साधी. मुलींना फुलांची वा रत्नांची नावे; हे आपल्याला परके वाटू नये. फ्रोडोचे मूळ नाव 'मौरा' होते आणि आपण वाचतो तो अनुवाद आहे, ही कल्पनाही गमतीची, पण ती बव्हंशी अभ्यासकांसाठीच.

खरी श्रीमंती नोल्दोर एल्फांच्या रीतीत आहे. बापाने जन्मतः दिलेले पितृनाम, आणि आईने दिलेले मातृनाम. आईला मुलाचा स्वभाव, क्वचित त्याचे भवितव्यही दिसते, अशी श्रद्धा. फेआनोरचे पितृनाम कुरुफिन्वे. आई मीरिएलने दिलेले फेआनारो, म्हणजे अग्नीचा आत्मा. मुलाच्या जन्मानंतर तिने देह सोडला, बापाने दुसरे लग्न केले. तिला तिच्या भरतकामावरून 'थेरिंदे' म्हणत. पुढे नोल्दोरांच्या बोलीत हा घर्षक 'थ' जाऊन 'स' आला आणि थेरिंदेची 'सेरिंदे' झाली. फेआनोरने ते मानले नाही. 'थ' नाकारणारा आपल्यालाच नाकारतो, असे त्याने मुलांना शिकवले. व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत संपणारा ध्वनिबदल इथे सावत्र घराण्यांतील तेढीची खूण ठरतो. हे टिपण टोल्कीन यांनी १९६८ च्या सुमारास वा त्यानंतर लिहिले. ते १९९६ साली 'द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ' या खंडात छापले गेले.

टोल्कीन यांची आई १९०४ मध्ये वारली, तेव्हा ते १२ वर्षांचे होते. या दोन गोष्टींची गाठ मारण्याचा मोह आम्ही आवरतो. कथेत आहे तेवढे पुरेसे आहे. फेआनोरने आपले पितृनाम पाचव्या मुलाला दिले, कारण तोच त्याच्या वळणावर गेला होता. एल्फांच्या इतिहासात मात्र फेआनोर ओळखला जातो तो आईने ठेवलेल्या नावाने.