दूरचा वर्ग आणि प्रश्नाची परतवाट

विद्या ही ज्याने त्याने पायी चालत जाऊन मिळवावयाची वस्तू आहे, ही आपल्याकडील फार जुनी समजूत. काशीस जावे, पैठणास राहावे, माधुकरी मागून पोट भरावे आणि गुरूच्या ओसरीवर बसून पाठ घ्यावा, हा शिक्षणाचा राजमार्ग कित्येक शतके चालू होता. ‘उपनिषद्’ या शब्दाच्या व्युत्पत्तीतही जवळ बसण्याचाच अर्थ आहे. या प्रथेत विद्यार्थ्यास कष्ट पुष्कळ पडत. आणि ज्यांना त्या ओसरीवर पाय ठेवण्याचीच मनाई होती, त्यांची संख्या तर बसणाऱ्यांहून कितीतरी मोठी होती. म्हणून विसाव्या शतकात गुरूचे मुख आणि वाणी शेकडो कोसांवर पोहोचविण्याची युक्ती यंत्रास साधली, तेव्हा विचारी माणसांस जो आनंद झाला तो यथार्थच होता. आता विद्याच विद्यार्थ्याच्या दारी चालत येणार, असे वाटू लागले.

परंतु ओसरीवर दोन गोष्टी घडत असत. गुरू बोलत असे, ही एक; आणि शिष्य मध्येच त्यास थांबवून ‘हे कसे?’ म्हणून विचारीत असे, ही दुसरी. पहिली गोष्ट दूर नेणे यंत्रास लवकर जमले. दुसरी दुरून परत आणणे मात्र फार कठीण गेले. दूरचित्रवाणीवरून विद्यापीठाचे वर्ग भरविण्याचा जो सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे, तो बहुधा पडद्यांचा, उपग्रहांचा आणि वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो या परतवाटेचा इतिहास आहे. आणि तसा तो वाचला म्हणजे त्यातील यशापयशाचा उलगडा अधिक नीट होतो.

आरंभ अमेरिकेत झाला. आयोवा राज्याच्या विद्यापीठाने १९३३ साली आपल्या प्रायोगिक केंद्रावरून चित्रे प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. चित्र अवघ्या ४५ रेषांचे. ते एका केंद्रावरून जाई आणि त्यासोबतचा आवाज विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून जाई. पाहणाऱ्याने दोन्ही यंत्रे जवळ ठेवून डोळे एकीकडे व कान दुसरीकडे लावावयाचे! हा प्रयोग १९३९ पर्यंत चालला. त्या धूसर चित्रांतून वर्ग म्हणण्यासारखे काही उभे राहिले नाही. पण विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर तोंड काढले, हे त्याचे महत्त्व.

खरा वर्ग भरला तो महायुद्धानंतर. टेक्सासमधील ह्यूस्टन विद्यापीठाने २५ मे १९५३ रोजी केवळ शिक्षणाकरिता असे दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांस सोयीचे व्हावे म्हणून पदवीच्या विषयांची व्याख्याने सायंकाळी प्रक्षेपित होऊ लागली. १९५६ साली शिकागो शहराच्या महाविद्यालयाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे दोन वर्षांचा संपूर्ण अभ्यासक्रम घरी बसून पुरा करता येई. त्या योजनेतील शहाणपण असे, की निबंध टपालाने तपासून मिळत, आणि ठरलेल्या वेळी दूरध्वनी करून अध्यापकाशी बोलता येई. परतवाट होती, परंतु ती व्याख्यान संपल्यावर उघडत असे. शंका उत्पन्न होते त्या क्षणी विचारता न आली, तर पुष्कळदा ती विरून जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, गैरसमज होऊन घट्ट बसते, हे शिक्षकाचा धंदा केलेल्या कोणासही ठाऊक आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठाचे उदाहरण तर सर्वांत नावाजलेले. १९५७ च्या सप्टेंबरात प्राध्यापक फ्लॉइड झुली यांनी सकाळी साडेसहा वाजता तौलनिक साहित्यावर व्याख्याने देण्यास आरंभ केला. स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराच्या ‘द रेड अँड द ब्लॅक’ या कादंबरीने सुरुवात झाली, आणि शहरातील दुकानांत तिच्या प्रती मिळेनाशा झाल्या. पैसे भरून परीक्षेसाठी नाव नोंदविलेले विद्यार्थी १७७; नुसते पाहणारे लाखाच्या घरात. ‘सनराइज सेमेस्टर’ या नावाने ही मालिका १९८२ पर्यंत चालली. एका कथालेखकाकडे साऱ्या शहराचे लक्ष पहाटे वेधले जावे, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठास भूषणावह आहे. तथापि ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे. लाखांनी ऐकले, अभ्यासाची जबाबदारी घेतली ती दोनशेहून कमी जणांनी. प्राध्यापकासमोर होता तो यंत्राचा तांबडा दिवा, आणि त्या दिव्यास भुवया नव्हत्या. समोरच्या विद्यार्थ्याची भुवई किंचित वर गेली, की चांगला शिक्षक तेच वाक्य निराळ्या शब्दांत पुन्हा सांगतो. येथे तो मार्गच बंद होता.

व्याख्यान चालू असतानाच प्रश्न परत आणण्याची सोय १९६९ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाने केली. भोवतालच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांस उच्च पदवीचे शिक्षण हवे होते आणि रोज विद्यापीठात येण्यास सवड नव्हती. तेव्हा विद्यापीठातील चालू वर्गाचेच चित्र सूक्ष्मलहरींनी त्या त्या कारखान्यातील खोलीत नेण्यात आले, आणि तिकडून केवळ आवाज परत येईल अशी लहरींचीच निराळी वाट ठेवण्यात आली. कारखान्यात बसलेल्या अभियंत्याने प्रश्न विचारला, की तो विद्यापीठातील वर्गात सर्वांस ऐकू जाई. स्वाध्यायाचे कागद नेण्याआणण्यास माणूस ठेवलेला असे.

यानंतरची हकीकत मात्र मोठी बोधप्रद आहे. हे प्रक्षेपण दृष्टीच्या टप्प्यापलीकडे जात नसे. उत्तरेस सांता रोझा या गावी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा कारखाना होता. तेथवर लहरी पोहोचेनात. तेव्हा प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी १९७३ च्या सुमारास एक साधी तोड काढली. वर्गाची चित्रफीत तेथे पाठवावयाची. पाच-दहा जणांनी एकत्र बसून ती पाहावयाची. आणि त्यांच्यात कारखान्यातीलच एक जाणता अभियंता साहाय्यक म्हणून बसवावयाचा. कोणास शंका आली, की फीत थांबवावी, चर्चा करावी आणि पुढे चालावे. हे विद्यार्थी परीक्षेत विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मागे राहिले नाहीत. उलट तीच फीत एकट्याने, साहाय्यकावाचून पाहणाऱ्यांची प्रगती तशी झाली नाही. गिबन्स व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थेट प्रक्षेपणाच्या अभिमान्यांस हा निकाल चमत्कारिक वाटेल. कारण येथे प्रक्षेपण थेट नव्हते, गुरू त्या क्षणी बोलतही नव्हता. परंतु शंका आली त्या क्षणी व्याख्यान थांबत होते, आणि शंका ऐकून घेणारे माणूस हाताच्या अंतरावर होते. जिवंतपणा लहरींत शोधीत होतो, तो त्या लहानशा खोलीत सापडला.

आता आपल्या देशाकडे वळू. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांस दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यातच प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले. उपग्रह भारतीय खेड्यास शिकवू शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पुढे इन्सॅट-१बी हा उपग्रह हाती आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकरिता दैनिक पाठ सुरू केले. हेतू उदात्त होता: लहान गावातील महाविद्यालयास जे मोठे अध्यापक मिळू शकत नाहीत, ते पडद्यावरून मिळावे. परंतु पाठ आधी मुद्रित केलेले, भाषा मुख्यत्वे इंग्रजी, आणि उलट प्रश्न विचारण्याची सोय नाही. कोणी म्हणतील, एकलव्याने मूर्तीपुढे बसून विद्या मिळविलीच की! मिळविली खरी, पण ती एकलव्य असल्यामुळे मिळविली. सामान्य बुद्धीच्या शंभर मुलांची व्यवस्था लावताना एकलव्याचा दाखला देणे, म्हणजे मूर्तीने आपली जबाबदारी झटकण्यासारखे आहे.

ही उणीव ओळखून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने पुढची योजना आखली. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एड्युसॅट’ हा १९५० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह सोडण्यात आला. केवळ शिक्षणासाठी बांधलेला भारताचा हा पहिलाच उपग्रह. त्याच्या उड्डाणापूर्वी इन्सॅट-३बी वरून जे पथदर्शक प्रयोग झाले, त्यांत कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्रीय विद्यापीठ व भोपाळचे राजीव गांधी विद्यापीठ यांच्या जोडीने नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. या योजनेत दूरच्या केंद्रांचे दोन वर्ग होते. काही केंद्रे ‘संवादी’: त्यांस पाहता येई आणि उलट बोलताही येई. बाकीची ‘केवळ ग्रहण करणारी’. यंत्रज्ञांनी खर्चाच्या हिशेबाने पाडलेल्या या दोन नावांत आमच्या विषयाचे सारे मर्म आले आहे. एकाच व्याख्यानाचे श्रोते, पण एकास जीभ आहे आणि दुसऱ्यास केवळ कान.

संवादी केंद्रांतही अडचण होतीच. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाजास वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्नोत्तरात निदान अर्धा सेकंद रेंगाळतो. ही अडचण सवयीने सुटते. दुसरी मात्र गणिताची आहे आणि तिला कोणतेही यंत्र उतारा देऊ शकत नाही. व्याख्यान एक तासाचे आहे आणि केंद्रे शंभर आहेत, असे समजा. एका प्रश्नोत्तरास तीन मिनिटे धरली, तर गुरूने दुसरे एक अक्षरही न बोलता तासात वीस प्रश्न होतात. उरलेली ऐंशी केंद्रे, त्यांच्याजवळ उत्तम यंत्र असूनही, मुकीच राहावयाची. म्हणजे परतवाट अरुंद आहे ती तारांमुळे नसून तासाच्या साठ मिनिटांमुळे आहे. २०१० साली एड्युसॅटचे कार्य संपले. ही वजाबाकी मात्र संपली नाही.

या वजाबाकीस तोंड देण्याचा एक चांगला प्रयत्न पवई येथील आयआयटीने केला. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दहा हजार शिक्षकांस शिकविण्याची योजना निघाली. व्याख्यान पवईहून थेट जाई आणि निरनिराळ्या प्रांतांतील केंद्रांवरून शिक्षक प्रश्न विचारीत. पण मुख्य वर्गापूर्वी प्रत्येक केंद्राच्या संयोजकास बोलावून आधी तयार केले जाई, आणि प्रात्यक्षिके त्या त्या केंद्रावर त्याच्या देखरेखीखाली होत. सांता रोझाच्या खोलीतील तो जाणता अभियंता येथे निराळ्या वेषात पुन्हा भेटतो. थोर अध्यापकाची वाणी दुरून यावी. शंकेस मात्र जवळचे माणूस असावे, ही ती व्यवस्था.

मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि जे प्रयोग म्हणून चालले होते ते एका आठवड्यात नित्यकर्म झाले. विद्यापीठांचे वर्ग घराघरांत, बहुधा हातातील मोबाइलवर, भरू लागले. इतिहासात प्रथमच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती परतवाट आली: ज्याच्या हाती व्याख्यान, त्याच्याच हाती प्रश्नाची कळ. आणि घडले काय? पडद्यावर काळ्या चौकटी आणि त्यांत केवळ नावे. गलबला होऊ नये म्हणून अध्यापकाने सर्वांचे आवाज बंद केलेले; डेटा वाचावा म्हणून, किंवा मागे दिसणाऱ्या एकाच खोलीच्या संसाराचा संकोच वाटून, विद्यार्थ्यांनी आपली चित्रे बंद केलेली. कोणी डोंगरावर चढून रेंज शोधीत होता, कोणी भावंडांत एक फोन वाटून घेत होता. त्या काळात हे साधन नसते तर शिक्षण पुरते थांबले असते, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु वाट असूनही तिच्यावरून चालणारा प्रश्न दिसेना, हेही तितकेच खरे. प्रश्न विचारण्यास धीर लागतो, आणि तो धीर आपले नाव आणि चेहरा ओळखणाऱ्या माणसासमोरच येतो.

हा सारा वृत्तान्त सांगण्याचे कारण असे, की थेट प्रक्षेपणाकडे काटकसरीचे साधन म्हणून पाहण्याचा मोह संस्थाचालकांस व शासनास नेहमीच होतो. एक व्याख्याता, दहा हजार श्रोते. मग गावोगावच्या अध्यापकांच्या जागा भरावयाच्या कशास? वर दिलेली उदाहरणे या हिशेबाविरुद्ध साक्ष देतात. जेथे दूरच्या वाणीस जवळच्या माणसाची जोड मिळाली, तेथे विद्यार्थी पुढे गेला. जेथे जवळचे माणूस वगळून पैसा वाचविला, तेथे श्रोते वाढले आणि विद्यार्थी घटले. प्रक्षेपणामुळे उत्तम व्याख्यात्याची बचत होते, आणि ती व्हावीही. गडचिरोलीच्या मुलीस पवईचा प्राध्यापक ऐकावयास मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यातून वाचलेला पैसा तिच्या गावी तिची शंका ऐकून घेणाऱ्या शिक्षकावर खर्च झाला, तरच ते शिक्षण.

एके काळी आपल्या समाजात पुष्कळांस ओसरीबाहेर उभे राहून जे कानी पडेल तेवढेच ऐकण्यावर समाधान मानावे लागे; विचारण्याचा अधिकार आत बसलेल्यांचा. तो अन्याय दूर करावयास निघालेल्या यंत्राने ‘केवळ ग्रहण करणारी’ केंद्रे गावोगाव उभारून थांबावे, यासारखा विपर्यास दुसरा नाही. ओसरी हजार कोस रुंद केली, हे उत्तम झाले. आता तिच्या दूरच्या टोकास बसलेल्याचा हात वर झालेला कोणास दिसतो, एवढे पाहावयाचे राहिले आहे.