ओठांवर आलेला शब्द गिळला, आणि गेम ओव्हर

तर मंडळी, १२ जून २०११, रविवार. मिनेसोटाचे माजी गव्हर्नर टिम पॉलेन्टी टीव्हीवर एक शब्द सोडतात : 'ओबामनीकेअर'. ओबामा अधिक रॉमनी! मिट रॉमनींनी २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आणलेला आरोग्यविम्याचा कायदा आणि ओबामांचा २०१० चा कायदा एकाच माळेचे मणी, असा टोला. ओबामांच्या कायद्यावर रिपब्लिकन मतदार खवळलेलाच होता. म्हणजे घाव नेमका वर्मी.

दुसऱ्याच दिवशी न्यू हॅम्पशायरमध्ये डिबेट. रॉमनी त्याच स्टेजवर. सूत्रसंचालक जॉन किंग विचारतात, हा शब्द का वापरलात? आणि पॉलेन्टी गुळमुळीत होतात. मॅसॅच्युसेट्सचा नमुना घेतला असं ओबामाच म्हणालेत, मी फक्त तेवढंच बोललो, असा सूर. किंग पुन्हा खोदतात, हे पुन्हा टाळतात.

आता बघा, प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे. ओबामा चुकले हे तिथला प्रत्येक जण म्हणणार. मग मतदाराने तुम्हालाच का निवडायचं? पक्षाचा शिक्का इथे काहीच कामाचा नसतो. (अप्रेजलमध्ये 'टीमने छान काम केलं' एवढंच सांगून बघा. मी सांगितलंय.)

१३ ऑगस्टला आयोवातल्या स्ट्रॉ पोलमध्ये पॉलेन्टी तिसरे, मिशेल बाकमन आणि रॉन पॉल यांच्या मागे. १४ ला माघार. त्या एका उत्तरानेच बुडाले असं नाही, पैशांचीही चणचण होती. पण रॉमनींपेक्षा मी वेगळा कसा, हे सांगायची सगळ्यात मोठी संधी त्यांनी तिथेच घालवली.

सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. कोणाला? रॉमनींनाच.