मोर्तब : शेवटच्या ओळीखालचा पहारा

‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एकच ठसा असतो. जुन्या कागदांवर मात्र ठसे दोन आणि त्यांची कामेही दोन. शिक्का पत्राच्या माथ्यावर; पत्र कोणाचे, ते तो सांगे. मोर्तब मजकूर संपला तिथे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत, पुढे पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’. याखाली एक शब्द जरी दिसला तरी तो सरकारचा नव्हे.

याची गरज का पडली, ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातला मोडी कागद हातात घेतला की कळते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो, मग तिला अक्षरे लटकवतो. शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही. मजकूर अर्ध्या ओळीत आटोपला तरी पुढची रेघ मोकळीच. त्याच बोरूने, त्याच शाईने इनामपत्रात ‘विहिरीसह’ एवढे वाढवले की सरकारची एक विहीर गेलीच! आणि हे वाढवणार कोण? शत्रू नव्हे, आपल्याच दफ्तरातला कारकून. लांब पत्र कागद चिकटवून करत, म्हणून मधला कागद बदलू नये यासाठी सांध्यावरही ठसा मारत. पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार’ असे शेरे पडत; पत्र नोंदीतून गेल्याची ती खूण.

माणसांच्या नेमणुकीतही हाच हिशेब दिसतो. सभासद बखरीनुसार गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस समान दर्जाचे, कोठाराला वेगळा कारखानीस. पुढे पेशवाईत मामलेदाराभोवती दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार बसवले. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे आणि गैरव्यवहार दिसला तर त्यांनी तो वर कळवायचा. मला तर मोर्तबापेक्षा हे कलम जास्त हुशारीचे वाटते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच मर्जीवर तपासणाऱ्याची नोकरी असेल, तर तपासणी कसली?

करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्याशी जोडलेले मोठे नाव रामचंद्रपंत अमात्य हे जमाखर्चाच्याच खात्यातले. कोल्हापूरकर संभाजीराजांसाठी त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात इनामे आणि वृत्ती वाटण्याबद्दल कडक इशारा आहे. दिलेली जमीन परत येत नाही, हे हिशेबनिसाइतके कोणाला ठाऊक असणार!

सावकारांनीही आपली युक्ती काढली होती. हुंडीत रक्कम लिहायची, पुन्हा तिचे निमे लिहायचे: हजार, निमे पाचशे. एक शून्य वाढवणाऱ्याला मग दोन जागी हात घालावा लागे. कोषागारात जाणाऱ्या बिलावर रकमेच्या थोडा वरचा आकडा घेऊन ‘इतक्या रुपयांच्या आत’ असे लिहायची रीत त्याच जातकुळीतली. बिल काढणारा आहरण व संवितरण अधिकारी वेगळा, ते पास करणारा कोषागार अधिकारी वेगळा, ही विभागणीही तशीच.

आता बिले संगणकावर चढतात. एकाने भरायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे, दोघांचे पासवर्ड वेगळे. पण साहेब दौऱ्यावर असले की बिल अडू नये म्हणून त्यांचा पासवर्ड भरणाऱ्याच्याच वहीत लिहिलेला असतो. म्हणजे शिक्का, मोर्तब आणि बोरू, सगळे एकाच्याच हाती.