लायसन्सचं कार्ड नवं, पण नोंद खरी का?

आमच्या एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे राखेचे बल्कर रस्त्यावर नेहमीचेच. म्हणून आज बोलूया ड्रायव्हरच्या खिशातल्या लायसन्सबद्दल.

इथून जवळच नाशिकरोडचे छापखाने. टपाल तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, ती १९२६ पासून इथं छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटा, पुढे पासपोर्टही. नक्कल होऊ नये असा कागद कसा छापायचा, हे या गावाला चांगलंच ठाऊक. लायसन्स मात्र आरटीओत तयार व्हायचं. हाताने भरलेली पुस्तिका, चिकटवलेला फोटो, त्यावर गोल शिक्का. फोटो बदलला की माणूस बदलला! पुढे लॅमिनेटेड कार्ड आलं, मग चिपचं स्मार्ट कार्ड. पण राज्याराज्यांत त्याचं रूप निराळं. परराज्यातलं कार्ड खरं की खोटं, हे नाशिकच्या हवालदाराने ओळखायचं कसं?

यावर केंद्राने मार्च २०१९ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभर एकच नमुना ठरवला. डोळ्यांना जेमतेम दिसणारी अक्षरं, बारीक रेषांची नक्षी, मागे क्यूआर कोड.

मग प्रश्न मिटला का? माझ्या मते, अर्धाच. २००१ मध्ये कमला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुळात बनावट असलेलं लायसन्स नूतनीकरण केल्याने खरं होत नाही. म्हणजे खोट्या नोंदीवर नवं कोरं कार्ड मिळालं, तरी खोटं ते खोटंच.

याची झळ बसते अपघातात माणूस गमावलेल्या घराला. लायसन्स बनावट निघालं, तर भरपाई कोण देणार? २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने त्यांना आधार दिला. केवळ लायसन्स बनावट म्हणून विमा कंपनी सुटत नाही. मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही हे तिला सिद्ध करावं लागतं. तसं झालं तरी न्यायाधिकरण तिला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं.

म्हणून मला कार्डापेक्षा ‘सारथी’ ही देशभराची सामायिक नोंद मोठी वाटते. १९८८ च्या कायद्याने एका माणसाला एकच लायसन्स. दुसऱ्या राज्यात काढलेलं दुसरं लायसन्स पकडायचं, तर नोंदी एकत्रच हव्यात.

तेव्हा गाडीमालकांनो, ड्रायव्हर ठेवताना कार्डाची चकाकी बघू नका. नंबर टाकून नोंद तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. भेटू पुढच्या भागात!