बोस्टनचा गोळीबार व आत्मरक्षणाची मर्यादा

आत्मरक्षणासाठीं शस्त्र चालविण्याचा अधिकार बहुतेक सर्व कायद्यांस मान्य आहे. परंतु तें शस्त्र बंदूक असेल तर तो अधिकार नेमका कोणत्या क्षणीं प्राप्त होतो, हें ठरविणें फार अवघड असतें. या प्रश्नाचा कस उत्तम रीतीनें लागला तो अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १७७० सालीं चाललेल्या इंग्रज शिपायांच्या खटल्यांत.

५ मार्चच्या रात्रीं जकात-कचेरीपुढें पहाऱ्यावरील एकट्या शिपायास जमावानें घेरलें. कॅप्टन प्रेस्टन सात शिपाई घेऊन मदतीस आला. त्यांच्यावर बर्फाचे गोळे व लांकडाचे तुकडे यांचा मारा सुरू झाला. मुलकी अधिकाऱ्याच्या हुकुमावांचून लष्कर प्रजेवर गोळी झाडीत नाहीं, या समजुतीनें लोक 'झाडा, झाडा' म्हणून शिपायांस खिजवीतही होते. बंदुका भरलेल्या आहेत काय, असें एका नागरिकानें विचारलें. प्रेस्टननें होय म्हटलें, पण त्या झाडण्याचा मुळींच विचार नाहीं असेंही सांगितलें. इतक्यांत माँटगोमेरी हा शिपाई तडाख्यानें खालीं पडला आणि त्यानें बार काढला. थोड्याच अवकाशानें इतरांनींही काढले. पांच माणसें प्राणास मुकलीं. बंदुका ठासणीच्या; त्या पुन्हां भरून शिपाई रोखूं लागले तेव्हां प्रेस्टननें त्या आपल्या हातानें वर उडविल्या. (पॉल रिव्हिअरच्या प्रसिद्ध चित्रांत मात्र हाच प्रेस्टन तरवार उगारून हुकूम देतांना दिसतो!)

शिपायांचें वकीलपत्र घेतलें जॉन ॲडम्स यानें. तो इंग्रजी धोरणाचा विरोधक, आणि पुढें १७९७ मध्यें अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. प्राण खरोखर संकटांत असेल तर मारणें क्षम्य. नुसता मार बसून राग अनावर झाला असेल तर तो खून नसला तरी मनुष्यवध होय, असें त्यानें मांडलें. मला सर्वांत मोलाची वाटते ती पॅट्रिक कार याची साक्ष. गोळी लागून नऊ दिवसांनीं वारलेल्या या आयरिश माणसानें डॉक्टरांस सांगितलें कीं, आयर्लंडांत त्यानें लष्कराचा गोळीबार पाहिला होता, परंतु झाडण्यापूर्वीं इतकें सोसणारे शिपाई पाहिले नव्हते. आपणांस मारणाऱ्यावर त्याचा रोष नव्हता.

प्रेस्टन निर्दोष सुटला. आठांपैकीं सहा शिपाईही सुटले. माँटगोमेरी व किलरॉय यांच्या गोळ्यांनीं माणसें मेल्याचें सिद्ध झालें, म्हणून ते मनुष्यवधाचे दोषी ठरले. किलरॉय तर तीनच दिवसांपूर्वीं दोरखंडवाल्यांशीं झालेल्या मारामारींत होता, आणि संधि मिळाल्यास शहरवासीयांवर गोळी झाडीन असें तो बोलल्याची साक्षही झाली होती. त्याच्या गोळींत त्या रात्रीची भीति किती व जुना राग किती, हें कोण सांगणार? दोघांनीं पाद्र्यांसाठीं असलेल्या एका जुन्या सवलतीचा आश्रय घेऊन फांशी चुकविली; ती सवलत दुसऱ्यांदा मागतां येऊं नये म्हणून दोघांच्याही आंगठ्यांवर डाग देण्यांत आला.