बॅरा बेटावरील पूर्वजांच्या नोंदी

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बॅरा, एरिस्के व साऊथ यूस्ट ही बेटे धर्मसुधारणेच्या काळानंतरही बहुतांशी कॅथलिक राहिली. १८५१ साली जमीनदार कर्नल गॉर्डन यांनी तेथील अनेक कुटुंबांना कॅनडाला धाडले. त्यांचे वंशज आज पूर्वजांचा शोध घेताना गोंधळून जातात.

गोंधळाचे मूळ नावांत आहे. बॅरावर मॅकनील हे आडनाव घरोघरी आढळते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, तर दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची प्रथा असल्यामुळे अनेक चुलतभाऊ एकाच नावाचे असत. शिवाय गेलिक भाषेतील 'रूअरी' लॅटिन नोंदीत 'रोडेरिकुस', तर इंग्रजीत 'रॉडरिक' होतो. 'ऑयरिक' हे स्त्रीनाम कुठे युफेमिया, कुठे एफी, तर कुठे हेन्रिएटा असे लिहिलेले सापडते.

उलगडा कसा करावा?

• १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. मृत्युनोंदीत आईवडिलांची नावे व आईचे माहेरचे आडनाव मिळते. म्हणून स्थलांतरिताच्या मागे राहिलेल्या भावंडाची नोंद प्रथम पाहावी.

• १८४१ च्या जनगणनेत प्रौढांची वये सहसा पाचाच्या पटीत उतरवलेली असून नाते दिलेले नाही. ती १८५१ च्या जनगणनेशी ताडून पाहावी.

• बाप्तिस्म्याच्या नोंदीतील धर्ममातापिता बहुधा आप्तच असत. त्यांच्यावरून घराणे ओळखता येते.

केवळ नाव जुळले म्हणून नाते जोडू नये. ज्यांच्या आत्म्यासाठी आपण प्रार्थना करतो, ते खरोखर आपले कोण, हे जाणणे हीदेखील त्यांच्याप्रती कृतज्ञताच होय.